एसजीपीटी थोडंच वाढलंय, मग वडिलांचं यकृत ठीक आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील वीस वर्षं रोज संध्याकाळी फेणी घेतात, मोसमात हुर्राक (काजूचीच, फेणीहून हलकी दारू). रिपोर्टात यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी एन्झाइम अशी: एसजीओटी १४२, एसजीपीटी ५८, जीजीटी ३१०. शिवाय बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १.१. घरचे म्हणतात एसजीपीटी जवळपास नॉर्मल, काळजी नको.

काळजी करा. मी फोंड्यात लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट नेहमी हाताखालून जातात. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, ही बहुधा दारूची खूण. एसजीपीटीला बी-६ जीवनसत्त्व लागतं आणि रोज पिणाऱ्यांत नेमकं तेच कमी पडतं, म्हणून तो आकडा खाली राहतो. जीजीटी दारूमुळे यकृत जास्त बनवतं. पिणं खरंच थांबलं तर दोन-तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येऊ लागतं.

आता पित्ताचं. जुन्या रक्तपेशी मोडून झालेलं बिलिरुबिन यकृत पित्तात सोडतं. वर्षानुवर्षांच्या दारूने पेशी सुजल्या की पित्ताची वाट अडते आणि ते रक्तात साचतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. मग आपल्याकडे झाडपाल्याचं औषध आणायला धावतात, पण ही कावीळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

माझ्या मामांचं सांगते. त्यांचे एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही एका वर्षी मर्यादेत आले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. ते पीतच होते. यकृताचा बराच भाग व्रणांनी भरला की एन्झाइम गळायला पेशीच उरत नाहीत, आकडा आपोआप उतरतो. त्याच रिपोर्टात अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) २.६ होतं, प्लेटलेट ऐंशी हजार, दोन्ही कमी. त्या ओळी मी वाचल्याच नाहीत. चार महिन्यांनी पोटात पाणी भरलं, तेव्हा त्यांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. अजून ते मनातून जात नाही.

म्हणून वडिलांचं अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), प्लेटलेट आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. सोय असेल तर फायब्रोस्कॅनही, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी.

ते म्हणत असतील, काजूची शुद्ध फेणी बाधत नाही. साठ मिली फेणीत साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं, तेवढंच १८० मिली हुर्राकात. यकृताला काजू कळत नाही.

एक मात्र जपा. सकाळी हात थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या औषधाखालीच सोडवा. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या त्या कामाच्या नाहीत. आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल मनाने देऊ नका.

नुसती चरबी साचली असेल तर दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ती बरीच उतरते. अल्ब्युमिन, प्लेटलेटचे आकडे आले की मला कळवा.