वडिलांना सिरॉसिस आहे, पांथरी वाढून प्लेटलेट्स 42 हजारांवर आल्यात. पांथरी न काढता तिचा रक्तपुरवठा कमी करू, असं डॉक्टर म्हणतात. करावं का?

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, हीच प्रक्रिया करतो. तरीही आधी डॉक्टरांना विचारा, की हे नेमकं कशासाठी? नुसता 42 हजारांचा आकडा बघून ठरवलं असेल, तर मी घाई करणार नाही. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेतला, म्हणजे आतडी आणि पांथरीकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढतो, रक्त मागे तुंबतं, पांथरी फुगते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. पण अशा रुग्णाला रक्ताची उलटी होते ती अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून, आणि त्याचं मूळ या दाबात आहे. त्यावर बँडिंग (दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी कडी बसवणं) आणि दाब कमी करणाऱ्या गोळ्या आधी. प्लेटलेट्सअभावी केमो अडली असेल किंवा बँडिंग करूनही पुन्हापुन्हा रक्त जात असेल, तर मात्र जरूर विचार करा.

यात जांघेत किंवा मनगटात तेवढ्यापुरती भूल देऊन बारीक नळी पांथरीच्या धमनीपर्यंत नेतात. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडला की पडद्यावर अख्खी पांथरी गडद भरून येते. मग आतल्या फांद्यांत बारीक कण थोडे थोडे सोडायचे, मधे मधे डाय देऊन बघायचं. गडद भागात फिकट तुकडे पडत जातात. तेवढी पांथरी मरते. निम्मी ते 70 टक्के बंद झाली की हात आवरायचा. पूर्वी अख्खी पांथरी एकदम बंद करत, तेव्हा आत गळू होऊन रुग्ण दगावले. 1979 मध्ये स्पिगोस आणि सहकाऱ्यांनी थोडाच भाग बंद करून सोबत अँटिबायोटिक्स द्यायची पद्धत मांडली, तिथून हे सुरक्षित होत गेलं. पांथरीचा काही भाग जिवंत ठेवायचा तो यासाठीही, की न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकससारख्या जंतूंशी ती लढते. तरी त्या जंतूंवरची लस आधी घेऊन ठेवा.

अपघातात फाटलेल्या पांथरीसाठी मुख्य धमनीत कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) टाकतात, ते वाचून गोंधळू नका. ते म्हणजे मुख्य कालव्याचं गेट बंद करणं: दाब उतरतो, पण आजूबाजूच्या वाटांनी रक्त येत राहतं आणि पांथरी जगते. तुमच्याकडे कालव्याच्या चाऱ्याच, म्हणजे आतल्या बारीक फांद्याच, बुजवायच्या आहेत.

नंतर डाव्या बरगडीखाली दुखणं, ताप, मळमळ हे जवळजवळ सगळ्यांना होतं. आठवडाभर, कधी त्याहून जास्त. घरचे घाबरतात, पण हे अपेक्षित आहे. उतरलेला ताप थंडी वाजून परत चढला, दम लागला किंवा पोट फुगायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. गळू, छातीत पाणी किंवा पोर्टल शिरेत गुठळी असू शकते. प्लेटलेट्स साधारण दोन आठवड्यांत भराभर चढतात, मग थोड्या उतरून पहिल्यापेक्षा वरच्या पातळीवर टिकतात.

पोटात पाणी किंवा कावीळ असेल, तर मी सहसा नाहीच म्हणतो. वडिलांचं बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि सोनोग्राफीत पोर्टल शिरेबद्दल काय लिहिलंय ते इथे कळवा, मग नीट सांगता येईल.