उत्तर: कॅमेरा ठीक आहे, आणि नाण्याला हात लावू नका

तुमची पोस्ट काल रात्री उशिरा वाचली आणि झोपच उडाली. नवीन मिररलेस कॅमेरा घेतलाय, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, १८६२ चा राणीछाप रुपया फोटोत काळपट येतो, अर्धा भाग शार्प तर अर्धा ब्लर, दुकानदार म्हणतो सर्विस सेंटरला दाखवा. आणि जाता जाता शेवटी एक ओळ, की आधी लिंबू-सोड्याने नाणं साफ करून बघू का. त्या ओळीसाठी हे लिहायला बसलोय, बाकीचं नंतर.

नाही. लिंबू नाही, सोडा नाही, चिंच नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. बोटाने सुद्धा पुसू नका.

आयएसओ, शटर वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला येतच असेल, नाहीतर कॅमेऱ्याच्या पुस्तकात आहे. आणि मी काही फोटोग्राफर नाही, बँकेत नोकरी करतो, नाणी गोळा करायचा नाद आहे इतकंच. माझं चुकत असेल तर जाणत्यांनी खाली सांगावं.

सात-आठ वर्षांपूर्वी बोनस मिळाला तेव्हा मी मुंबईच्या बोरा बाजारात जाऊन पहिला धड कॅमेरा घेतला. घरी आल्यावर पहिलं काम काय, तर एका प्रदर्शनात साडेसहा हजाराला घेतलेला १८६२ चा रुपया काढला. माझ्याकडचं तेव्हाचं सगळ्यात भारी नाणं. कडेकडेने निळसर-जांभळी झाक होती, मधे राखाडी, आणि दिव्याखाली हातात धरून जरा फिरवला की चमकेचा एक पट्टा राणीच्या चेहऱ्यावरून गोल फिरायचा, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखा. फोटोत काय आलं? काळं बटण.

पन्नास फोटो काढले, सगळे तसेच. मग कॅमेऱ्यातच फॉल्ट आहे असं डोक्यात बसलं आणि सर्विस सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. कुठलं ते सांगत नाही, कारण आता तिथली माणसंही बदलली असतील. तीन शनिवार गेले, अर्धा दिवस सुट्टी टाकून, टोकन घेऊन बसायचं, मग काउंटरवरचा मुलगा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो काढायचा आणि म्हणायचा सर कॅमेरा ओके आहे. दुसऱ्या वेळी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून दिलं. तिसऱ्या वेळी लेन्सचे कॉन्टॅक्ट साफ केले म्हणून पैसे घेतले, पावतीसकट. तिन्ही वेळा मी रुपया खिशात घेऊन गेलो होतो, एकानेही विचारलं नाही की साहेब तुम्ही फोटो कशाचे काढता. एवढं विचारलं असतं ना, तर पुढचं सगळं टळलं असतं. कॅमेरा खरंच ओके होता, त्यांचं खोटं नव्हतं, पण असलं खरं काय कामाचं.

कॅमेरा ओके म्हणजे मग दोष नाण्यात, असा सरळ हिशोब मी केला. आमच्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे चार रुपये आई दरवर्षी चिंच लावून घासायची, हळद-कुंकू अडकलेलं असतं ना, आणि ते कसे लखलखीत दिसायचे. लहानपणापासून तेच बघितलंय, चांदी म्हणजे घासायची. एका रविवारी दुपारी बायको माहेरी गेली होती, मी स्वयंपाकघरातली भांडी घासायची पावडर घेतली, चिमूटभर, ओल्या कापसावर, आणि राणीच्या गालावरून हलकेच फिरवली. अगदी हलकेच, हे मी स्वतःला अजून सांगतो. निळी झाक दोन मिनिटांत गेली. कापूस काळा झाला. मला तेव्हा आनंद झाला होता बघा, वाटलं मळ निघाला.

फोटो काढला तर आता काळं नाही, पांढरं बटण आलं. नाणं हातात फिरवलं तर तो गोल फिरणारा पट्टा गायब. सगळीकडून सारखीच चमक, स्टीलच्या ताटासारखी. नंतर कळलं की त्या पट्ट्याची ती चाल म्हणजे नाणं पाडताना ठशाखाली धातू सरकतो त्याच्या अतिबारीक रेघा असतात, त्या रेघांवरून उजेड पळतो. त्या एकदा घासून गेल्या की गेल्या, परत येत नाहीत.

पुढच्या प्रदर्शनात एका डीलरला दाखवला. त्याने भिंग लावलं, दिव्याखाली एकदाच तिरपा केला आणि म्हणाला, "साब, पॉलिश मारा है इसको." चांदीच्या भावाने घेतो म्हणाला. ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, तुम्हीच करा हिशोब. विकला नाही. ड्रॉवरमध्ये आहे, फोटोची सेटिंग तपासायला वापरतो, तेवढाच उपयोग.

आता खरं कारण, जे मला वर्षभराने कळलं. चकचकीत नाणं हा आरसा असतो. तुम्ही ते टेबलावर सपाट ठेवता आणि बरोबर वर कॅमेरा धरता, तर त्या आरशात काय दिसणार, तुमच्या लेन्सचं काळं तोंड आणि काळी बॉडी. तेच फोटोत येतं. त्यात तुम्ही खाली पांढरा कागद ठेवला असणार, सगळेच ठेवतात. कॅमेऱ्याला समोरचं सगळं सरासरी राखाडी करायची खोड असते, त्यामुळे पांढरा कागद दिसला की तो उजेड कमी करतो आणि त्या नादात नाणं अजून काळवंडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग, अधिक एक करा किंवा कागद राखाडी घ्या, अर्धं दुखणं तिथेच जाईल.

उरलेलं अर्धं उजेडाचं. फ्लॅश विसरा. ट्यूबलाइटही बंद करा आणि खिडकीचा पडदा ओढा, दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चांदी एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने हिरवी दिसते आणि मग कॉम्प्युटरवर रंग जुळवत बसावं लागतं. दोन सारखे एलईडी बल्ब घ्या, मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात मिळतील, फक्त खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलंय का बघा, स्वस्तातल्यांवर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. नाण्याचं घड्याळ समजा, एक दिवा दहावर, दुसरा दोनवर, आणि जमेल तितके उंच, लेन्सच्या जवळ. दिवे आडवे पाडले तर ओरखडे उठून दिसतात आणि चमक मरते, झिजलेल्या नाण्याची अक्षरं वाचायची असतील तर मात्र आडवेच बरे. फोटो काढायच्या आधी त्याच उजेडात राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दाखवायची सेटिंग, सेट करा. ऑटोवर भरवसा ठेवू नका, नाण्याची झाक म्हणजे खोट आहे असं धरून तो ती काढायला बघतो.

झाक असलेल्या नाण्यासाठी माझी आवडती युक्ती, हिला खर्च शून्य. जुन्या फोटोफ्रेमची काच काढा, लेन्स आणि नाण्याच्या मधे ४५ अंशात तिरकी धरा, दोन पुस्तकांत अडकवली तरी चालते. एकच दिवा बाजूने त्या काचेवर मारा, पलीकडच्या बाजूला काळा कागद उभा करा आणि दिव्याचा उजेड थेट नाण्यावर पडू नये म्हणून मधे पुठ्ठा. काच थोडा उजेड सरळ खाली पाठवते, तो नाण्यावर आपटून त्याच वाटेने वर लेन्समध्ये येतो. आरशात आता काळ्या तोंडाऐवजी दिवा दिसतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा कपाटातल्या एका दुसऱ्या, मी काळा समजून बाजूला टाकलेल्या रुपयाचा फोटो काढला आणि स्क्रीनवर मोरपिशी रंग आला. तो बघून आनंद व्हायच्या ऐवजी पोटात खड्डा पडला, कळलं असेल का ते.

अर्धा शार्प, अर्धा ब्लर, हे कॅमेरा तिरका असल्यामुळे. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि स्क्रीनमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड सरकवा, मग आरसा काढून नाणं ठेवा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ च्या आसपास ठेवा, जास्त बंद केलं की इतक्या जवळून उलट मऊ येतं. किट लेन्स, म्हणजे तुमची सोबत आलेली, एका अंतरापेक्षा जवळ गेली की फोकसच करत नाही, तिच्याशी भांडू नका, लांबून काढून क्रॉप करा नाहीतर एक्स्टेंशन ट्यूब घ्या (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी, तिच्यामुळे जवळून फोकस होतो), अगदी जवळचे फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सच्या मानाने फारच स्वस्त पडते. दुकानदार मॅक्रो लेन्स गळ्यात मारायला बघेल, सहा महिने थांबा. तुमचा रुपया १८६२ चा आहे म्हणून सांगतो, हेच साल ठेवून हे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते आणि मुंबईच्या टांकसाळीने त्यात बारीक ठिपके टाकून फरक ठेवला. ते ठिपके मोजता आले पाहिजेत, फोटो त्यासाठीच काढायचा. माझ्या घासलेल्या रुपयावरही ठिपके आहेत, फोटो मात्र कुणाला दाखवत नाही.

दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना कॅमेरा हलतो. मी करी रोडला रुळांच्या बाजूला राहतो, फास्ट लोकल गेली की टेबलासकट सगळं थरथरतं, पाव सेकंदाच्या शटरला राणीला दोन नाकं येतात. म्हणून मी शेवटची लोकल गेल्यावर काढतो. पंखाही बंद, घाम आला तरी. नाणं फक्त कडेने धरायचं, खाली जाड फडकं, फरशीवर पडलं तर कड गेलीच, आणि नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा बारीकसा थेंब उडतो, मुंबईच्या दमट हवेत त्याचा डाग बनायला वेळ लागत नाही.

विषय निघालाय तर, ते मऊ पीव्हीसीचे नाण्यांचे अल्बम पावसाळ्याच्या आत काढून टाका, हिरवा चिकट थर येतो. आणि लेन्स लेदरच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका, बुरशी धरते, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बास.

फोटो चांगले यायला लागले की मेसेज यायला लागतील. कोणी तुमचा रुपया लाखांत घेतो पण आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणालं तर ब्लॉक करा, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावधही केलं होतं. परदेशातून कोणी मागितला तर शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. मी वकील नाही, पण या भानगडीत पडू नका.

पांढरा कागद काढून एकदा बघा आणि ठिपक्यांचा क्लोजअप इथेच टाका, वरचे आणि खालचे दोन्ही, मोजून सांगतो. लिंबू कापून ठेवलं असेल तर सरबत करा.