हिवाळ्यात कारने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे असल्यास नियोजन कसे करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अंतर सुमारे 4,500 किलोमीटर, कार आठ वर्षांची, आलटून पालटून चालवणारे दोघे, निघायचे डिसेंबरच्या मध्यावर, वाटेत बर्फाचे घाट आणि सातव्या दिवशी पलीकडे एका लग्नाला हजर राहायचे आहे. रोज साधारण 650 किलोमीटर कापले तर जमेल का, असे तुम्ही विचारले आहे. उन्हाळ्यात हा हिशेब ओढाताण करून जमला असता. हिवाळ्यात तो करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी असा प्रवास दोनदा केला आहे आणि पहिल्या वेळी तुमच्यासारखाच, तारखेला बांधलेला बेत घेऊन निघालो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी दिवसाचा उजेड किती मिळणार ते पाहा. 21 डिसेंबरच्या सुमारास 45 अंश उत्तर अक्षांशावर सूर्य जेमतेम पावणेनऊ तास क्षितिजावर असतो आणि 60 अंशांवर सहा तासही नसतो. सकाळचा पहिला तास काचा खरवडण्यात आणि रस्त्यावरचा रात्रीचा गोठलेला थर सैल होण्याची वाट पाहण्यात जातो. जेवणाचा आणि इंधनाचा वेळ वजा केला की 45 अंशांच्या आसपासही उजेडात गाडी चालवायला सहा तासच उरतात. तुम्ही पूर्वेकडे निघाला असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या अक्षांशावर दिवसभरात 600 किलोमीटर पूर्वेला सरकल्यावर, घड्याळ सकाळचेच ठेवले तरी, सूर्य सुमारे अर्धा तास लवकर मावळतो. पश्चिमेला जाणाऱ्याला तेवढाच वेळ जास्त मिळतो, पण दुपारभर खाली उतरलेले ऊन थेट डोळ्यांवर येते, म्हणून समोरची काच आतूनही रोज पुसावी लागते.

या हिशेबाने मी तुम्हाला रोज सरासरी 450 किलोमीटर धरायला सांगेन, म्हणजे दहा दिवस गाडी चालवण्याचे आणि त्यावर दोन दिवस पूर्ण राखीव. हे राखीव दिवस मला बर्फात चाकांना लावायच्या साखळ्यांइतकेच आवश्यक वाटतात, कारण हिमवादळ अंगावर आले तर थांबण्याची मुभा तेच देतात. बारा दिवस काढता येत नसतील तर लग्नाला रेल्वेने किंवा विमानाने जा. हे उत्तर तुम्हाला नको असेल याची मला कल्पना आहे, पण चुकवता न येणारी तारीख डोक्यावर असली की माणूस एरवी कधीही घेणार नाही असे निर्णय घेतो.

माझ्या पहिल्या प्रवासात चौथ्या दिवशी नेमके हेच झाले. मुक्काम 120 किलोमीटर पुढे ठरलेला, खोलीचे पैसे भरलेले, आणि अंधार पडत असताना मी घाटाला लागलो. गाडीतला तापमापक 1 अंश दाखवत होता. पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारे पाणी माझ्या काचेवर येत असल्यामुळे वायपर सारखा चालू होता. एका वळणानंतर काच एकाएकी कोरडी राहू लागली आणि टायरची घरघरही थांबली. पाऊस सरला, असे वाटून मला क्षणभर बरे वाटले. रस्ता मात्र दिव्यांच्या उजेडात पूर्वीसारखाच ओला, काळा चमकत होता. पुढे एक छोटा पूल होता आणि त्यावर त्या ट्रकची मागची बाजू अगदी संथपणे आडवी सरकताना मला दिसली. तेव्हा उलगडा झाला की रस्त्यावर पाणी नसून पारदर्शक बर्फ आहे. मी ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर हळूच सोडला, स्टिअरिंग सरळ धरले आणि गाडी आपोआप मंदावत पूल ओलांडून गेली. ट्रकही सावरला. उरलेल्या 70 किलोमीटरना मला साडेतीन तास लागले.

रस्ता ओला दिसतो आहे, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, ही खूण तुम्ही दोघांनीही पक्की लक्षात ठेवा. पुलाला खालूनही वारा लागत असल्यामुळे तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. शून्याच्या आसपासचे तापमान कडाक्याच्या थंडीपेक्षा अधिक फसवे असते, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि पकड जवळजवळ नाहीशी होते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी कार कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून साधारण 36 मीटरमध्ये थांबते, दबलेल्या बर्फावर तिला सव्वाशे मीटर लागतात आणि गुळगुळीत बर्फावर अडीचशेपर्यंत. रस्त्यावर मीठ टाकले आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या मिठाचा प्रभाव उणे 10 अंशांच्या आसपासच बराच कमी होतो.

म्हणून दुसऱ्या प्रवासात मी प्रत्येक दिवसासाठी एक जवळचा आणि एक लांबचा असे दोन मुक्काम ठरवले. दोन्ही ठिकाणी आयत्या वेळी रद्द करता येतील अशा खोल्या घेतल्या. दुपारी एक वाजता गाडी थांबवून हवामानाचा अंदाज आणि रस्त्यांची स्थिती पाहायची आणि त्या दिवशी कुठवर जायचे ते तिथेच ठरवायचे, असा नियम केला. घाट शक्यतो सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतच ओलांडले. नकाशात डोंगराला वळसा घालून जाणारा 200 किलोमीटर जास्तीचा सखल रस्ता दिसला तर तोही आखून ठेवा. हिवाळ्यात पुष्कळदा तोच लवकर पोहोचवतो.

आता गाडीविषयी. सगळ्यात जास्त पैसे टायरवर खर्च करा. साध्या टायरचे रबर 7 अंशांखाली कडक होऊ लागते, त्यामुळे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असलेले हिवाळी टायर चारही चाकांना लावा. नुसते पुढे लावल्यास मागची बाजू घसरते. खाचांची खोली 4 मिलिमीटरहून कमी झालेले टायर घेऊन बर्फात जाऊ नये. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असली तरी ती बर्फातून निघायला मदत करते, थांबायला नव्हे. तापमान साधारण 5 ते 6 अंशांनी उतरले की टायरमधला दाब सुमारे 1 पीएसआयने घटतो, म्हणून उबदार प्रदेशातून निघाल्यावर दर दोन दिवसांनी, चाके थंड असताना, हवा तपासा. चाकाच्या साखळ्या लागणार असतील तर त्या घरीच दोनदा चढवून पाहा. बोटे बधिर झालेली असताना, वाऱ्यात आणि अंधारात ते काम शिकता येत नाही.

बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर निघण्यापूर्वी बदला. उणे 18 अंशांना तिची ताकद सुमारे निम्म्यावर येते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन मात्र जास्त ताकद मागते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असल्यास मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. ते नुसत्या पाण्याने पातळ झालेले नाही ना, हे मेकॅनिककडून मोजून घ्या. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी तर मुळीच नको, कारण चालत्या गाडीत ते काचेवर पडताक्षणी गोठते आणि समोरचे सगळे दिसेनासे होते. गाडी डिझेलची असेल तर उबदार प्रदेशातले डिझेल टाकीत भरून थंड प्रदेशात जाऊ नका, कारण त्यातील मेण गोठून फिल्टर तुंबतो. टाकी थोडी रिकामी ठेवून पोहोचा आणि तिथले हिवाळी डिझेल भरा. विजेवर चालणाऱ्या गाडीचा पल्ला निदान एक तृतीयांश कमी धरा आणि सकाळी ती चार्जरला जोडलेली असतानाच बॅटरी व आतली हवा गरम करून घ्या.

बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. धूर सोडणारा पाइप बर्फाने बुजला असेल तर तो आधी मोकळा करा, नाहीतर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि बसल्या जागी जीव घेतो. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि पाइपापाशी पुन्हा बर्फ साचला नाही ना, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी दर वेळी पाहा. यासाठी फावडे, झोपायच्या पिशव्या, बॅटरीवरचा दिवा, पाणी आणि कोरडे खाणे डिकीऐवजी मागच्या सीटवर ठेवा, कारण डिकीचे झाकण गोठून बसते. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका.

तुमच्या प्रश्नात गाडी कोणत्या इंधनाची आहे आणि वाटेतला सर्वांत उंच घाट कोणता, हे दिलेले नाही. ते कळवल्यास मुक्कामांची आखणी कशी करता येईल ते मी लिहीन. लग्नाच्या घरी मात्र आजच सांगून ठेवा की तुम्ही एखादा दिवस उशिरा पोहोचू शकता.