आमचाच विश्वास कमी पडला का, ताई?

मी ख्रिस्ती कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक. हा प्रश्न मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की दारातून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच तो ओळखू येतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात आजारपण ठाण मांडून बसलेलं असतं, कुणाचा कांदा मातीमोल गेलेला असतो. पैशाबद्दल माणसं पाच मिनिटं बोलतात. मग आवाज खाली येतो. "देव तरतूद करतो असं लहानपणापासून ऐकत आलो, ताई. मग आमच्याच घरी का नाही?"

गरिबी सोसणारी माणसं मी पाहिली आहेत. देवाने आपल्याला नापास केलं, हे मात्र भल्याभल्यांना सोसवत नाही. म्हणून मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका भावाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नगरच्या एमआयडीसीत त्यांची वीसेक वर्षं गेली. दिवाळीच्या तोंडावर युनिट बंद पडलं. रविवारच्या उपासनेत ते पेटी वाजवायचे. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाठवलं ते एवढ्यासाठीच, की गीत चालू असताना भाता धरल्या धरल्या त्यांचा डोळा लागत होता.

"झोप किती होते?" मी विचारलं.

"झोपत नाही. रात्री प्रार्थनेला बसतो."

"काय मागता?"

"काम मागतो. मग माफी मागतो."

"कशाची?"

"मनात शंका येते ना, तिची."

विश्वासाविषयी मी त्या दिवशी अवाक्षर काढलं नाही. एलीयाची गोष्ट मात्र वाचायला दिली, बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहिलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, विश्वास कुठे गेला असंही विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतात, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतरचं, चाळीस दिवसांनी. माझ्या सगळ्या कामाचा पाया हाच अध्याय आहे. समोरच्याच्या श्रद्धेला हात घालण्याआधी मी त्याचं जेवण आणि झोप विचारते. काहींना हे फार साधं वाटतं, पण उपाशी आणि जागरणाने थकलेल्या माणसाला देवसुद्धा आधी जेवू घालतो, हे मी पवित्र शास्त्रातच शिकले.

भाऊ हळूहळू झोपू लागले आणि मग बोलूही लागले. एकदा मी विचारलं, "दिवसभर असता कुठे?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "घरी सांगितलेलं नाही. सकाळी शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन निघतो. माळीवाडा स्टँडवर बसतो. संध्याकाळी परत."

"आणि डबा?"

"खातो. पण घास उतरत नाही. खोटं बोलून खातोय असं वाटतं."

डबा त्यांच्या पिशवीतच होता. मी म्हटलं, उघडा की, इथंच खा. दोन भाकरी, वांग्याची भाजी, आणि झाकणात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा.

"गूळ रोज असतो?"

"हो. पूर्वी बायको नव्हती देत." ते थांबले.

"कधीपासून देते?"

त्यांनी मनात मागे मागे जात हिशेब केला. तोंड उघडलं, मिटलं. खडा कागदावरच राहिला.

"तिला माहीत आहे," ते म्हणाले. "दिवाळीपासून माहीत आहे तिला."

अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, असं माझं पक्कं मत आहे. मी तशीच बसले. त्यांचं रडून झाल्यावर एकच विचारलं, "सकाळी निघण्याआधी कोणती प्रार्थना म्हणता?"

"प्रभूची प्रार्थना."

"तिच्यात भाकर किती दिवसांची मागतो आपण?"

ते डब्याकडे बघत राहिले. "आजची," म्हणाले. आणि जेवले. सगळा डबा संपवला, गूळसुद्धा.

पुढच्या वेळी त्यांच्या घरच्या बाई सोबत आल्या. बाजारात कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. तेव्हापासून त्या शेजारणींचे ब्लाउज शिवत होत्या. मी विचारलं, बोलला का नाहीत? "कळलंय म्हटलं असतं, तर डबासुद्धा नेला नसता यांनी," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं कृपेवर प्रवचनं ऐकली, पण एवढं नेमकं क्वचित ऐकलं. समोरच्याची मान खाली जाऊ न देता त्याला देत राहणं, हेच त्या करत होत्या.

त्या दिवशी माझ्या मनात जे जुळलं, ते त्यानंतर मी कितीतरी घरांना सांगितलं आहे. आपण तरतुदीची वाट आभाळाकडे बघून पाहतो आणि ती येते माणसाच्या हातून. लाजेने खाली बघणाऱ्याला तो हात दिसत नाही. दुष्काळात एलीयाला आधी कावळ्यांनी पोसलं, करीथ ओहोळाचं पाणी मिळालं. मग ओहोळ आटला. का आटला? शास्त्र सरळ सांगतं, देशात पाऊस नव्हता म्हणून. एलीयाचा विश्वास आटला म्हणून नव्हे. कारखाना बंद पडला तो ऑर्डरी थांबल्या म्हणून, हे भावांना मी याच गोष्टीवरून, १ राजे, अध्याय १७ वरून, दाखवलं. आणि ओहोळ आटल्यावर देवाने त्याला धाडलं ते सारफथच्या विधवेकडे, जिच्या मडक्यात मूठभर पीठ उरलं होतं. तिथे देवाच्या माणसाला स्वतःच्या तोंडाने पाणी आणि भाकरीचा तुकडा मागावा लागला.

मागणं हा अविश्वास नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले. भीक मागायला किंवा मिळेल ते काम करायला घराण्याचा आणि विद्येचा अभिमान कसा आड आला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती' ही निराधार बायका-मुलींची संस्था उभी केली. तिथे प्रार्थना होती, तशा विहिरी, शेती, माग आणि छापखानाही होता. एक करायचं म्हणून दुसरं सोडायचं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

"विश्वास असेल तर मिळतंच" असं मंचावरून सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. ज्याला मिळालं नाही, तो त्या वाक्याने दुप्पट मोडतो.

भावांना मी काय करायला सांगितलं? रात्रीची प्रार्थना दहा मिनिटांवर आणायची, बायकोसोबत, मोठ्याने, आणि फक्त उद्या संध्याकाळपर्यंतची. इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, त्या त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा सोडला, तर राखून ठेवलेल्याला किडे पडत. पुढच्या वर्षाची काळजी रात्री दोन वाजता गोळा केली तर तिचंही तेच होतं. दिवसा मात्र कामं. पाच वर्षं सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराचा ग्रॅच्युइटीवर हक्क असतो, तरी भावांनी अर्जच केला नव्हता, कारण गेटवर जायची लाज. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन परिस्थिती सांगायची, थकल्यावर नव्हे. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो धान्य घ्यायचं, त्यात कमीपणा नाही. आणि मंडळीच्या गरीब फंडात ज्याने वर्षानुवर्षं टाकलं, त्याने एकदा त्यातून घेतलं तर काय बिघडलं? हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. पाळकसाहेबांसमोर बाईच बोलल्या.

एलीयासारखं "आता पुरे, जीव घे" असं ज्याच्या मनात येत असेल, त्याने तर एक रात्रही एकट्याने काढू नये. घरात कुणाला तरी उठवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास माणूस बोलतो, मराठीतही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप येत असेल, तर तीही तरतूदच समजा.

भावांना पुढे एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पगार पूर्वीपेक्षा कमी. सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. लोक मला विचारतात, काम मिळालंच नसतं तर? काम मिळालं तेव्हा घरात सगळ्यांना सगळं माहीत होऊन बरेच दिवस झाले होते, भाऊ झोपत होते आणि रविवारी गीताच्या शेवटच्या कडव्यापर्यंत पेटी वाजत होती.