ॲपमधून मराठी नावाची लिंक शेअर केली की नुसते टक्के (% ची चिन्हं) दिसतात आणि पान उघडत नाही, सगळ्या लिंका इंग्रजीत करू का?

अजिबात करू नका. टक्क्यांमुळे पान उघडत नाही हा समजच चुकीचा आहे, ते टक्के असायलाच हवेत. २००५ च्या आरएफसी ३९८६ प्रमाणे, म्हणजे इंटरनेटच्या लिंकांच्या नियमाप्रमाणे, लिंकमध्ये आस्कीतलीच (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) ठरावीक अक्षरं चालतात. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं, काना-वेलांटी वेगळी मोजायची, आणि दर बाइटला एक टक्का नि पुढे दोन खुणा, म्हणजे एकाचे नऊ झाले. 'नाशिक' एवढं लिहिलं तरी ४५. पण मराठी विकिपीडिया रोज याच्यावरच चालतो ना, वरती मराठी दिसतं, कॉपी करून दुसरीकडे टाकलं की बहुतेक वेळा टक्के.

तुमच्यासारखंच आमच्याकडे झालेलं म्हणून सविस्तर लिहितोय. सातपूरला एका छोट्या कंपनीत असताना आम्ही कांद्याच्या बाजारभावाचं ॲप करत होतो, लिंकमध्ये बाजार समिती आणि माल, म्हणजे लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उन्हाळ कांदा वगैरे. शेतकरी ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि समोरच्याला 'पान सापडले नाही'. आमचे टीम लीड सर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, लिंकमध्ये मराठी घालायचीच नाही, मराठी आली की असले बग येणारच." मला ते फार लागलं. ज्याच्यासाठी ॲप करतोय तो माणूस मराठीच वाचतो, आणि खापर त्याच्याच भाषेवर?

संध्याकाळी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुठली लिंक मागितली गेली त्याची नोंद, उघडून बसलो. लासलगावच्या 'ल' ची सुरुवात टक्का-ई-झिरो अशी पाहिजे, तिथे होतं %२५ आणि मग ई-झिरो. %२५ म्हणजे खुद्द टक्क्याचं चिन्ह. सर्व्हरकडून एनकोड होऊनच, म्हणजे अक्षरांचे टक्के होऊनच, आलेली लिंक शेअर बटणाच्या कोडने परत एनकोड केली, टक्क्याचाच टक्का झाला. सर्व्हर उलगडणार एकदाच, मग त्याच्या हातात लासलगाव न येता टक्क्यांची माळ येते आणि त्या नावाची बाजार समिती त्याला कुठे मिळणार. बटणातली एक ओळ काढली आणि लिंका उघडायला लागल्या.

सरांना दाखवलं तर म्हणे ठीक आहे, पण रिस्क नको, आणि सगळं इंग्रजीत करायला लावलंच. मग गावांच्या स्पेलिंगचा घोळ, नाशिकला कोणी एच लावतंय कोणी नाही, पिंपळगावच्या 'गाव'चे दोन प्रकार, आणि आधी ग्रुपवर फिरलेल्या चालू लिंका सगळ्या मेल्या. मराठीत गावाचं नाव एकच होतं हो.

तर तुम्ही पण लॉगमध्ये आधी %२५ शोधा, माझा अंदाज तोच आहे. एनकोडिंग एकदाच करायचं, लिंक जोडतानाच, आणि तुकड्या-तुकड्याने. जावास्क्रिप्ट असेल तर एनकोड-यूआरआय-कंपोनंट फक्त नावाच्या तुकड्याला लावा, अख्ख्या लिंकला लावलं की तिरक्या रेघापण एनकोड होतात. जुनं एस्केप फंक्शन तर वापरूच नका. जावाचा यूआरएल-एनकोडर स्पेसचा प्लस करतो, तो प्रश्नचिन्हाच्या पुढे चालतो, त्याच्या आधी स्पेससाठी %२० च पाहिजे.

मराठीची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. 'शेतकऱ्यांसाठी' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ऱ, हलन्त, य असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर आणि य. फोनवर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे, त्यामुळे लिंक वेगळी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करायची सोय) लावूनही ते एक होत नाहीत, दुसरा प्रकार पहिल्यात बदलायचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. काही जण जॉइनर नुसता उडवून टाकतात, मग 'शेतकर्यांसाठी' होतं, तसं करू नका, डोळ्यात खुपतं.

हां, वर्डप्रेसवर असाल तर एक आहे, तिथे लिंकमधलं नाव एनकोड करूनच साठवतात आणि मर्यादा २०० खुणांची, म्हणजे मराठीची जेमतेम २२ अक्षरं, मोठं शीर्षक मधेच तुटतं, तिथे नाव हाताने छोटं करा. एसएमएसमध्ये पाठवायची असेल तर नंबरवाली छोटी लिंक द्या, मराठी मेसेज ७० अक्षरांचा असतो, त्यात हे मावत नाही. डोमेनच्या नावाला हे काहीच लागू नाही, तिथे प्युनीकोड, म्हणजे मराठी नाव साध्या इंग्रजी अक्षरांत बदलायची वेगळी पद्धत, चालतो.

बाकी तुमच्या ऑफिसातही कोणी 'इंग्रजीच करून टाका' म्हणत असेल तर वाद घालत बसू नका, लॉगमधली ती ओळ उघडून त्याच्यासमोर ठेवा, आणि लिंका बदलायच्या आधी ठेवा, आमच्याकडे ते राहून गेलं.