फुकेतहून फांगन्गा उपसागरातली गुहांची सहल : दिवस आणि बोट कशी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डिसेंबरात फुकेतला जाताय, सोबत सत्तरीचे आईवडील आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. फांगन्गातली दिवसभराची बोटसहल घ्यावी का, आणि एवढ्या जाहिरातींतून कोणती निवडावी?

जरूर घ्या. फक्त कंपनीच्या आधी तिथी बघा. या सहलीत सगळं भरती-ओहोटीवर चालतं आणि जाहिरातीत नेमकं तेवढंच लिहिलेलं नसतं.

तिथले काही डोंगर आतून पोकळ आहेत. पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना चुनखडीचा दगड पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने विरघळत गेला, आत गुहा झाल्या आणि काहींचं छत कोसळलं. (घारापुरीची लेणी माणसांनी बसाल्टात कोरली, इथलं सगळं कोरीवकाम पाण्याचं.) छत कोसळून जी उघडी, चहूबाजूंनी कडे असलेली जागा उरली तिला थाई लोक 'हाँग' म्हणतात. आत खारफुटी आणि वर आभाळ. तिथे शिरायचा रस्ता मात्र समुद्राच्या पातळीवरच्या बोगद्यातून जातो. पाणी चढलं की बोगद्याचं तोंड बुडतं, फार उतरलं की तळाचा चिखल आणि खडक उघडे पडतात. मधल्या पातळीलाच होडी जाते, आणि प्रत्येक गुहेची ही पातळी वेगळी असते.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, पाणी दोन मीटरहून जास्त वरखाली होतं. त्या दिवसांत तिथे भरती साधारण सकाळी दहा-अकराला आणि ओहोटी दुपारी चार-पाचला येते. म्हणजे सकाळी लवकर निघणारी बोट ऐन भरतीत गुहेपाशी पोचते आणि बुटक्या छताच्या गुहा बंद सापडतात. अशा दिवशी उशिरा निघून संध्याकाळी परतणारी सहल बरी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्यातला फरक थोडा असल्याने बोगदे बराच वेळ उघडे राहतात. आईवडील आणि मुलगी सोबत असताना मी हेच दिवस धरेन. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा पैसे भरण्याआधी फुकेतचं भरतीचं वेळापत्रक उघडा आणि कंपनीला सरळ विचारा, 'त्या दिवशी कोणती गुहा, किती वाजता?' 'सगळ्या दाखवतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

प्रत्यक्षात मोठी बोट बेटापासून थोडी दूर थांबते. तिच्या मागच्या बुटक्या फळीवरून हवेच्या रबरी कयाकमध्ये बसायचं, दोघे पुढे आणि वल्हवणारा मागे. तुम्हाला वल्हं मारायची गरज नाही. छत खाली आलं की तो आडवं व्हायला सांगतो, तेव्हा खरंच पाठ टेकून सपाट झोपायचं आणि हात, कोपर, मोबाईल सगळं होडीच्या आत घ्यायचं. भिंतींना आणि छताला कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते आणि जखम पटकन चिघळते. सगळ्यात जास्त लागतं ते 'धरून आधार घेऊ' म्हणून हात बाहेर काढणाऱ्यांना. वटवाघळांच्या गुहेत अमोनियाचा उग्र वास येतो आणि आत मिट्ट काळोख असतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्याने ती गुहा सोडावी. वल्हवणारा 'आज आत नाही' म्हणाला तर हुज्जत घालू नका. भरती चढत असताना आत शिरलं आणि तोंड बुडालं, तर पाणी उतरेपर्यंत हाँगमध्येच बसून राहावं लागतं.

वडिलांचे गुडघे दुखत असतील तर होडीत उतरण्यापेक्षा तिच्यातून उठणं जड जातं. त्यांना मोठ्या बोटीच्या डेकवर बसू द्या, तिथूनही कडे छान दिसतात. स्पीडबोट टाळा. लाटेवर आपटली की पाठीला दणके बसतात, पुढच्या बाकावर तर जास्तच. फुकेतच्या ईशान्येला आओ पो धक्क्यावरून निघणारी संथ मोठी बोट घ्या. पातोंगला राहणार असाल तर धक्क्यापर्यंत तासभर धरा.

जाहिरातीत 'हाँग बेट' दिसलं तर कोणतं ते विचारा. त्या नावाचं एक बेट फांगन्गात आहे आणि दुसरं क्राबीकडे, दोन्ही सहली पूर्ण वेगळ्या. गुहांसाठी फांगन्गातली पनाक आणि हाँग ही दोन बेटं पुरेत. 'जेम्स बाँड बेट' म्हणजे खाओ फिंग कान. 1974 च्या चित्रपटाने ते प्रसिद्ध झालं. समोरचा को तापू सुळका जेमतेम 20 मीटर उंच आहे, 1998 पासून बोटींना त्याच्याजवळ जाता येत नाही, आणि किनाऱ्यावर दुकानांची गर्दी असते. फोटो हवाच असेल तर जा, नाहीतर तो वेळ हाँगमध्ये घालवा.

डिसेंबरात समुद्र शांत असतो. जलरोधक पिशवी, पायात घट्ट बसणाऱ्या सँडल, कोरडे कपडे आणि डासांचं मलम घ्या. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भाड्यात धरलंय का ते लेखी विचारा. जेवण बहुधा बोटीवरच बनतं आणि भाजीतसुद्धा माशांचा सॉस पडतो. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच 'जे' जेवण सांगा. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही.