मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, २०२६ ला डॉक्टरांच्या फीचा दर वाढवला, तरी तिथले डॉक्टर नाराज का? आणि एसीओ या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या गटांचा याच्याशी काय संबंध?

कारण एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. मेडिकेअर प्रत्येक कामाला गुण देतं: डॉक्टरचे श्रम, दवाखान्याचा खर्च आणि खटल्यांसाठीचा विमा. त्यांना डॉलरच्या दराने गुणलं की फी निघते. २०२५ मध्ये हा दर ३२.३५ होता. २०२६ ला दोन दर आले: नफ्या-तोट्याची जोखीम घेणाऱ्या योजनांतल्या पात्र डॉक्टरांना ३३.५७, बाकीच्यांना ३३.४०. म्हणजे फरक सतरा सेंटचा! शिवाय वाढीतले अडीच टक्के संसदेने एका वर्षापुरतेच दिलेत.

खरी मेख पुढे आहे. लागलेल्या वेळेच्या हिशेबाने न मोजल्या जाणाऱ्या बहुतेक कामांचे श्रम-गुण अडीच टक्के कापले. सीटी स्कॅन वाचणारा आणि शस्त्रक्रिया करणारा यात सापडले. ओपीडीत पेशंट तपासणारा फॅमिली डॉक्टर वाचला. सरावाने काम झटपट होतं, हा सरकारचा तर्क. मला तो अर्धाच पटतो. गुंतागुंतीचं ऑपरेशन दरवर्षी थोडंच लवकर उरकतं?

एसीओ म्हणजे निदान ५,००० मेडिकेअर पेशंटांची एकत्र जबाबदारी घेणारा डॉक्टर-हॉस्पिटलांचा गट. ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च कमी आला आणि दर्जा टिकला, तर बचतीत वाटा. पूर्वी नवख्या गटाला तोट्याची जोखीम न घेता सात वर्षं काढता यायची. २०२७ पासूनच्या करारांत जास्तीत जास्त पाच. जोखीम न घेणाऱ्या पायरीवर ३३.५७ चा दर मिळत नाही, त्यामुळे 'एसीओत आहोत' एवढ्याने भागत नाही.